मिलिग्रॅमचा कायदा आणि रात्रीचा नाच

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा भारतातील सर्वांत कडक फौजदारी कायद्यांपैकी एक आहे. एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही. पोलीस ठाण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत त्याला ‘एनडीपीएस’च म्हणतात. कायदा आला तेव्हा मुंबईच्या वस्त्यांत गर्दने धुमाकूळ घातला होता आणि सरकारपुढे प्रश्न होता तो हेरॉइनच्या तस्करीचा. पब, डीजे, ट्रान्स यांचा त्या वेळी कोणी विचारही केला नव्हता. तरीही गेल्या चाळीस वर्षांत गोव्याच्या किनाऱ्यांवर, पुण्या-मुंबईच्या पबमध्ये आणि खालापूर-लोणावळ्याकडच्या फार्महाउसमध्ये लोक कुठे, किती वाजेपर्यंत, कोणाच्या भरवशावर आणि काय घेऊन नाचतात, यावर या कायद्याचा खोल परिणाम झाला आहे.

कायद्याचे मूळ १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आहे. भांग-गांजाची जुनी परंपरा असलेल्या देशांना तो वापर बंद करण्यासाठी करारात २५ वर्षांची सवलत होती. त्याआधी १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज आयोगाने देशभर साक्षी घेऊन सरसकट बंदीविरुद्ध मत दिले होते, आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांत गांजा परवाना असलेल्या दुकानांत मिळत असे. सवलतीची मुदत संपत आली तशी घाई झाली. ऑगस्ट १९८५ मध्ये मांडलेले विधेयक १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या सहीने कायदा झाले आणि १४ नोव्हेंबरपासून लागू झाले. गांजाच्या व्याख्येतून पाने आणि बिया वगळल्या गेल्या. त्यामुळे शिवरात्रीची भांग सुटली आणि त्याच झाडाचा शेंडा गुन्ह्यात गेला.

कायद्यातील बहुतेक मोठ्या गुन्ह्यांना किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड होता. १९८९ पासून त्यात आणखी धार आली. जामीन जवळजवळ बंद झाला, शिक्षेला स्थगिती देण्याची वाट अडवली गेली आणि ठरावीक वजनाच्या वर पुन्हा गुन्हा केल्यास फाशी सक्तीची झाली. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ साली चरसाच्या एका प्रकरणात अशी फाशी सुनावलीही. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली.

क्लबच्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा महत्त्वाची ठरली ती २००१ ची दुरुस्ती. तोवर खिशात पुडी सापडलेला विद्यार्थी आणि पोती भरून माल नेणारा तस्कर एकाच किमान शिक्षेच्या तोंडी जाण्याचा धोका होता. नव्या रचनेत प्रत्येक पदार्थाची तीन प्रमाणे ठरली. अल्प प्रमाणाला आज कमाल एक वर्ष, मधल्या प्रमाणाला कमाल १० वर्षे, आणि व्यापारी प्रमाणाला किमान १० व कमाल २० वर्षे. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत, व्यापारी २० किलोपासून. चरसाचे १०० ग्रॅम आणि एक किलो. कोकेनचे दोन ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडीएमएचे, म्हणजे ‘एक्स्टसी’ गोळीतील द्रव्याचे, अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. एलएसडीचे दोन मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम. हेतू चांगला होता: लहान माणसाला मोठ्यापासून वेगळे काढायचे. पण हे वेगळेपण पूर्णपणे तराजूवर सोपवले गेले, आणि तराजूत नेमके काय ठेवायचे हे कायद्याने स्पष्ट केले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मायकेल राज खटल्यात सांगितले की भेसळ वगळून शुद्ध द्रव्याचेच वजन धरावे. सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे ठरवले. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सरकारची बाजू उचलून धरली. याचा सर्वांत विचित्र परिणाम एलएसडीवर झाला. हे द्रव्य इतके तीव्र असते की एका मात्रेला साधारण १०० मायक्रोग्रॅम पुरतात. शोषक कागदावर त्याचे द्रावण सोडतात, कागद वाळवतात आणि नखाएवढे चौकोन कापतात. गोव्यात आणि पुण्यात त्याला ‘पेपर’ म्हणतात. शुद्ध द्रव्य धरले तर व्यापारी प्रमाण गाठायला असे हजारेक पेपर लागतील. कागदासकट मोजले तर एकेका चौकोनाचेच वजन १० ते २० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एकच पेपर अल्प प्रमाणाची मर्यादा ओलांडतो आणि आठ-दहा पेपरांत माणूस २० किलो गांजा बाळगणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. कागद मोजावा की नाही यावर न्यायालयांत मतभेद होते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कागद हा सेवनाचाच भाग असल्याचे सांगून तो मोजायचा निर्णय दिला. एमडीएमएच्या गोळीचेही तसेच आहे. गोळी साधारण तीनशे मिलिग्रॅमची धरली तर खडूसकट तीस-पस्तीस गोळ्यांत दहा ग्रॅम पूर्ण होतात. मित्रांच्या मोठ्या टोळक्यासाठी एकाने सगळ्यांचा माल आणायचा, ही पार्टीतली सर्रास पद्धत. या हिशेबात तो ‘एक जण’ तस्कर ठरतो.

प्रमाण व्यापारी झाले की कलम ३७ लागते. आरोपी निर्दोष असल्याचे मानायला वाजवी कारणे आहेत आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री पटल्याखेरीज न्यायालयाला जामीन देता येत नाही. खटला सुरू व्हायच्या आधीच निर्दोषत्वाची खात्री पटवायची, हे उलटे गणित आहे. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात आणि ते वर्षापर्यंत वाढवता येतात. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, पंच, तारखा या वाटेने खटले वर्षानुवर्षे चालतात. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खटला लांबत असेल तर कलम ३७ असतानाही जामीन देता येतो असे सांगितले, तेव्हा थोडी फट पडली. तोवर पुष्कळांची निकालापूर्वीच शिक्षा भोगून झाली होती.

नाचाच्या जागेवर थेट रोखलेले कलम आहे ते २५. आपल्या ताब्यातील घर, खोली, आवार किंवा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. त्यात कलम ३५ आरोपीची दोषी मनःस्थिती गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर टाकते. पबच्या मालकाला आपल्या शौचालयात काय चालते हे माहीत नव्हते, हे त्याने सिद्ध करायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये अभिनेत्री व राजकीय कार्यकर्त्या सोनाली फोगाट यांचा गोव्यात मृत्यू झाला. त्या ज्या रेस्टॉरंटमध्ये गेल्या होत्या, तेथील शौचालयात अमली पदार्थ सापडल्याचे पोलिसांनी सांगितले आणि मालकालाही अटक झाली. पुढे त्याला जामीन मिळाला. परंतु किनारपट्टीवरच्या प्रत्येक मालकाला जो संदेश जायचा तो गेला.

हा मार्ग एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत १९८६ साली क्रॅक कोकेनच्या अड्ड्यांविरुद्ध केलेला जागामालकाच्या जबाबदारीचा कायदा एप्रिल २००३ मध्ये नाचाच्या कार्यक्रमांपर्यंत ताणला गेला. त्याचे पुढारपण सिनेटर जो बायडेन यांनी केले होते. २००२ च्या मूळ मसुद्यात बाटलीबंद पाणी, थंड हवेची विश्रांतीची खोली आणि चमकत्या कांड्या यांचा उल्लेख अमली पदार्थांच्या खुणा म्हणून होता. अंतिम कायद्यात तो गळला, पण आयोजक ते विसरले नाहीत. मे २००३ मध्ये माँटानातील बिलिंग्ज येथे एका सभागृहाने संगीताचा कार्यक्रम रद्द केला, कारण केंद्रीय अधिकाऱ्याने येऊन हा कायदा दाखवला होता. तो कार्यक्रम गांजाविषयक कायदे बदला म्हणणाऱ्या संघटनांच्या निधीसाठी होता. ब्रिटनने १९९७ मध्ये पोलिसांच्या अहवालावरून क्लबचा परवाना काढून घेण्याची मुभा स्थानिक परिषदांना दिली. लंडनचा प्रसिद्ध ‘फॅब्रिक’ क्लब दोन तरुणांच्या मृत्यूनंतर सप्टेंबर २०१६ मध्ये परवाना गमावून बसला आणि जानेवारी २०१७ मध्ये कडक अटींवर पुन्हा उघडला. तिकडे निदान परवान्याची सुनावणी जाहीर होते आणि अटी लेखी मिळतात.

गोव्याची कथा याआधीची आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण, वागातोर, शापोरा या किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पींनी बस्तान बसवले. सुरुवातीला गिटार आणि रॉक होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉरां हा फ्रेंच डीजे आणि सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल अशांनी कॅसेटवर इलेक्ट्रॉनिक संगीत जुळवून वाजवायला घेतले. गाण्यातले शब्द कापायचे, ताल लांबवायचा, रात्र उजाडेपर्यंत न्यायची. किनाऱ्यावरच्या धुळीत आणि दमट हवेत ग्रामोफोनच्या तबकड्या टिकत नसत, म्हणून कॅसेट आणि नंतर डॅट फिती. त्यांतूनच नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ घडला. लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय ही कंपनी त्यासाठी निघाली आणि १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर ‘गोवा मिक्स’ वाजवला. भारताच्या भूमीवर जन्मलेले आणि जगभर पोचलेले हे आधुनिक नृत्यसंगीत. इथल्या सांस्कृतिक खात्यांच्या हिशेबात ते कधी धरले गेले नाही.

त्या पार्ट्यांची एक व्यवस्था होती आणि ती परदेशी लोकांपेक्षा गावातल्या बायांनी सांभाळली. नाचाच्या जागेभोवती त्या चटया अंथरून बसत. प्रत्येकीपुढे रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहाचे पातेले, अंडी, पाव, केळी, सिगारेटची पाकिटे. दमलेला माणूस नाचातून उठून चटईवर टेकायचा, चहा प्यायचा, तास-दोन तास पडून राहायचा. पुढच्या काळात युरोपातल्या क्लबांनी पैसे खर्चून विश्रांतीच्या खोल्या बांधल्या, तेच काम इथे चटई करत होती. कोणाचे डोके ठिकाणावर नसेल तर त्याला बसवायला जागा होती, आणि समोर शुद्धीवर असलेले एक माणूस होते. रात्रीची कमाई गावात राहायची.

एनडीपीएसने गोव्यातला हा नाच मोडला, असे म्हणणे सोपे आहे. ते अर्धेच खरे आहे. कायदा १९८५ चा आणि मोकळ्या आकाशाखालच्या पार्ट्यांचा बहर नव्वदच्या दशकातला. त्यांना खरा फटका दिला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गावात परीक्षेची मुले होती, म्हातारी माणसे होती, त्यांची तक्रार रास्तच होती. पण नियम आला म्हणून पार्ट्या बंद झाल्या नाहीत; त्या पोलिसांच्या मेहेरबानीवर गेल्या. इथे एनडीपीएस कामाला आला. नुसत्या आवाजाच्या गुन्ह्यात ध्वनियंत्रणा जप्त होते आणि खटला रेंगाळतो. मागे दहा वर्षांच्या किमान शिक्षेची भीती उभी असेल, तर त्याच तडजोडीचा दर कितीतरी वाढतो. किनाऱ्यावर याला ‘सेटिंग’ म्हणतात. २०१० मध्ये गोवा पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी विभागातील एका निरीक्षकासह काही पोलिसांना तस्करांशी संगनमताच्या आरोपावरून अटक झाली. पोलीस, राजकारणी आणि तस्कर यांच्या साट्यालोट्यावर विधानसभेची समितीही बसली आणि तिने २०१३ मध्ये अहवाल दिला.

ज्यांना सेटिंग परवडते तेच टिकतात. नाच मोकळ्या माळावरून भिंतींच्या आत गेला. प्रवेश शुल्क आले, बाऊन्सर आले, चटयांना जागा उरली नाही. २००७ च्या डिसेंबरात कांदोळीला ‘सनबर्न’ सुरू झाला तेव्हा तिकीट, प्रायोजक आणि तात्पुरते कुंपण हेच नव्या काळाचे रूप होते. ज्यांना कुंपणही नको होते ते आसगाव-शिवोलीच्या भाड्याच्या बंगल्यांत गेले. तिथे ना परवाना, ना शेजारी, ना चहावाली.

महाराष्ट्रात याच काळात छापा हा एक जाहीर कार्यक्रम झाला. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे परिसरात अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना पोलिसांनी ताब्यात घेतले. ‘रेव्ह पार्टी’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो त्या सकाळी. २००८ मध्ये जुहूचा एक लाउंज, २०११ मध्ये खालापूरचे एक रिसॉर्ट, २०१२ मध्ये पुन्हा जुहूचे एक हॉटेल, जिथे आयपीएलचे दोन खेळाडूही सापडले. खालापूरला पकडलेल्यांत मुंबईच्या अमली पदार्थविरोधी पथकातलाच एक अधिकारी होता. या छाप्यांची पद्धत ठरून गेली: पहाटेची वेळ, वाहिन्यांचे कॅमेरे, ओढणीत तोंड लपवलेल्या मुली, पोलिसांच्या गाड्यांतून रुग्णालयात, रक्त आणि लघवीचे नमुने, मग पालक. जप्त झालेला माल पुष्कळदा मूठभर आणि ताब्यात घेतलेली माणसे शेकड्यांनी. सेवनाच्या गुन्ह्याला कलम २७ खाली पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्ष एवढीच कमाल कैद आहे. खरी शिक्षा त्या सकाळच्या चित्रफितीची असते, आणि ती नमुन्याचा अहवाल निर्दोष आला तरी भोगावी लागते.

कडक कायद्याने मागणी घटली असती तर या सगळ्याला निदान एक समर्थन राहिले असते. झाले असे की पदार्थ बदलले. चरसाला वास असतो, ओढायला वेळ लागतो, धूर दिसतो. पावडर शौचालयात अर्ध्या मिनिटात संपते. मेफेड्रोन, म्हणजे मुंबईतले ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’, हे फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हते. विकणाऱ्यावर या कायद्याखाली गुन्हा बसत नव्हता आणि भाव कोकेनच्या तुलनेत कितीतरी कमी होता. यादीत घेईपर्यंत त्याची सवय शहरभर पसरली होती. पुढे तर त्याचे कारखाने राज्यातच निघाले. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी असे कारखाने पकडले. रसायनांचे ज्ञान, रिकामे गाळे आणि महामार्ग हे सगळे महाराष्ट्राकडे आधीच आहे. जून २०२४ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरील एका लाउंजच्या शौचालयातली चित्रफीत फिरली तेव्हा काही पोलीस निलंबित झाले आणि पबच्या बेकायदा बांधकामांवर बुलडोझर चालला. एमडीचा पुरवठा जिथून होतो ती ठिकाणे त्या रस्त्यावर नव्हती.

सर्वांत महाग पडते ती भीती. बाटलीभर पाणी, थोडी थंड जागा आणि वेळेवर डॉक्टर एवढ्यावर एमडीएमएने तापलेला माणूस पुष्कळदा वाचतो. पण पबने असा कोपरा उघडपणे ठेवला तर ‘इथे घेतात हे यांना माहीत आहे’ असा पुरावा आपणच तयार केल्यासारखे होते, आणि कलम २५ ला तेवढे पुरते. रुग्णवाहिका बोलावली की वैद्यकीय-कायदेशीर नोंद, नोंद झाली की पोलीस. म्हणून मित्र वाट पाहतात, उतरेल म्हणतात. मदतीला बोलावणाऱ्या मित्राला या कायद्यात संरक्षण नाही. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीपुरते कलम ६४अ आहे. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सरकारी पाठबळाने गोळ्या तपासून दिल्या जातात आणि विषारी भेसळ आढळली की इशारा निघतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी २०१९ मध्ये संगीत महोत्सवांतील तरुणांच्या मृत्यूंची चौकशी करून गोळ्यांच्या तपासणीची आणि दारातली पोलिसी कुत्री हटवण्याची शिफारस केली, कारण कुत्रे दिसताच मुले जवळचा सगळा माल एकदम गिळत होती. भारतात तपासणीसाठी गोळी हातात घेणाराच बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडतो.

आणि तरीही एनडीपीएसचा मोठा भार क्लबवर नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील दहा हजारांहून अधिक सेवनाच्या प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतली बहुसंख्य गांजाची निघाली आणि आरोपी पदपथावर, झोपडपट्टीत राहणारे, हातावर पोट असणारे. तारखा परवडत नाहीत म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरायचा आणि सुटायचे. क्लबच्या वाट्याला बातमी येते आणि वकीलही. २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे कलम २७अ खालील तस्करीला अर्थपुरवठा नव्हे. त्याच निकालात या कायद्याखालचे सर्व गुन्हे, अल्प प्रमाणाचेसुद्धा, अजामीनपात्र असल्याचेही म्हटले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात एका आघाडीच्या अभिनेत्याच्या मुलाकडे काहीही सापडले नव्हते, तरी तो चार आठवडे कोठडीत होता. मे २०२२ च्या आरोपपत्रात त्याचे नावच नव्हते. हे ज्यांच्या बाबतीत घडले त्यांच्यामागे देशातले नामांकित वकील उभे होते.

त्याच ऑक्टोबरात केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या सेवनापुरते अल्प प्रमाण बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेतून काढावे, अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. दोन महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, एनडीपीएस दुरुस्ती विधेयक संसदेत मंजूरही झाले. मात्र ते वेगळ्याच कारणासाठी होते. २०१४ ची दुरुस्ती करताना व्याख्येच्या उपकलमाचा क्रमांक बदलला, पण कलम २७अ मधला जुना संदर्भ तसाच राहिला. त्यामुळे अर्थपुरवठ्याचे, म्हणजे कायद्यातल्या सर्वांत कठोर कलमांपैकी एक असलेले हे कलम, सात वर्षे रिकाम्या जागेकडे बोट दाखवत होते, आणि त्रिपुरा उच्च न्यायालयाने दाखवून देईपर्यंत ते दुरुस्त झाले नव्हते. संसदेने तो क्रमांक १ मे २०१४ पासून पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केला. अल्प प्रमाण बाळगण्याच्या शिक्षेला हात लावला नाही.